काळ्या मातीखालचा इतिहास

परभणी जिल्ह्यात एखाद्या नव्या विहिरीचे खोदकाम चालू असेल, तर काठापासून सुरक्षित अंतर राखून ते आपल्या विद्यार्थ्यांना एकदा अवश्य दाखवावे. सर्वांत वर काळी माती दिसते. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. त्याखाली चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेली माती, मग मुरूम. मुरमाखाली विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो छिद्राछिद्रांचा खडक लागतो. त्याच्या छिद्रांत पांढरे, हिरवट खडे भरलेले असतात. आणखी खाली काळा पाषाण. इथे पहार चालत नाही, सुरुंग लावावा लागतो. काही विहिरींत या पाषाणाच्याही खाली एक तांबडा, गेरूसारखा थर निघतो आणि त्याखाली पुन्हा मांजऱ्या सुरू होतो.

खोदणाऱ्यांना या थरांची ओळख असते, कारण त्यांच्या दृष्टीने प्रश्न पाण्याचा असतो. भूगोलाच्या वर्गात मात्र आपण वेगळेच काहीतरी शिकवतो. भूपृष्ठाला आकार देणाऱ्या शक्ती दोन : अंतर्गत आणि बाह्य. अंतर्गत शक्तींची उदाहरणे ज्वालामुखी, भूकंप, वलीकरण. बाह्य शक्तींची नदी, वारा, हिमनदी, सागरी लाटा. पहिल्या धड्यात व्हेसुव्हियस आणि फुजियामा येतात, दुसऱ्यात सहाराचे वाळवंट आणि आल्प्समधल्या हिमनद्या. परभणीचा विद्यार्थी दोन्ही धडे पाठ करतो, आणि आपल्या गावाचा त्यांच्याशी काही संबंध नाही असे समजून घरी जातो.

वस्तुतः ते दोन्ही धडे त्याच्या शेतातल्या विहिरीत एकाआड एक रचलेले आहेत. ते वाचायला माणसाला सुमारे दोनशे वर्षे लागली. त्या वाचनाचा हा इतिहास.

शेतकऱ्याला पडलेला प्रश्न

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात खडकांच्या उत्पत्तीविषयी मोठा वाद पेटला होता. सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणकाम विद्यालयात अब्राहम गॉटलोब वेर्नर हे अत्यंत प्रभावी शिक्षक होते. पृथ्वी एकेकाळी संपूर्ण पाण्याखाली होती आणि बहुतेक खडक त्या आदिम सागरातून साका बसून तयार झाले, असे ते शिकवीत. बेसाल्ट हा काळा खडकही त्यांच्या मते पाण्यातच जन्मला. ज्वालामुखी म्हणजे भूगर्भातल्या कोळशाच्या थरांना लागलेल्या आगी, एवढेच महत्त्व ते त्यांना देत. याच्या आधीच, १७६३ मध्ये, फ्रान्सच्या ओव्हेर्न प्रांतात निकोला देमारे यांनी बेसाल्टचे स्तंभ पाहिले होते आणि त्यांचा माग काढत ते जुन्या लाव्हाप्रवाहांपर्यंत पोहोचले होते. पण वेर्नर यांचे शिष्य युरोपभर पसरलेले होते आणि त्यांचा दबदबा मोठा होता.

वेर्नर यांच्या मताला खरे आव्हान दिले ते स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी. हटन शिक्षणाने वैद्य होते, पण त्यांनी अनेक वर्षे स्वतः शेती केली. पावसाबरोबर आपल्या शेतातली माती ओढ्यात जाते, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते, हे ते दरवर्षी पाहत होते. नवी माती खडक झिजूनच तयार होते, म्हणजे शेती टिकायची तर खडक झिजलाच पाहिजे. परंतु हे असेच चालू राहिले तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाऊन बसेल. तशी ती गेलेली दिसत नाही. याचा अर्थ, झीज भरून काढणारी दुसरी एखादी शक्ती असली पाहिजे. ती शक्ती म्हणजे पृथ्वीच्या पोटातली उष्णता, असे हटन यांनी १७८५ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. ही उष्णता समुद्रतळावरच्या गाळाचे खडक बनवते, त्यांना वर उचलते आणि वितळलेला शिलारस वरच्या थरांत घुसवते.

आपण ज्यांना अंतर्गत आणि बाह्य शक्ती म्हणतो त्यांची जोडी इथे प्रथमच एका सूत्रात बांधली गेली. हे सूत्र एका शेतकऱ्याच्या काळजीतून निघाले, ही गोष्ट कृषिप्रधान जिल्ह्यातील शिक्षकांनी मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

हटन यांच्या विरोधकांचा एक आक्षेप रास्त होता. वितळलेला खडक थंड झाला की त्याची काच होते. मग बेसाल्टमध्ये स्फटिक कसे दिसतात? हटन यांचे मित्र सर जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये याचे उत्तर प्रयोगाने दिले. त्यांनी बेसाल्टसारखा खडक भट्टीत वितळवला. तो झटकन थंड केला तेव्हा काच मिळाली, आणि सावकाश थंड केला तेव्हा पुन्हा स्फटिकमय दगड मिळाला. साखरेच्या पाकाचेही असेच असते. पाक झटकन गार केला तर गोळीसारखा काचमय होतो, सावकाश निवू दिला तर त्यात खडीसाखर धरते.

पायऱ्यांचा देश

या वादाला ज्या खडकाने सर्वांत मोठा पुरावा पुरवला असता, तो दख्खनमध्ये लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेला होता. पण त्याच्याकडे भूशास्त्राच्या नजरेने पाहणारे कोणी अजून आलेले नव्हते. ही सुरुवात भूमापनाच्या निमित्ताने झाली. कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८१८ मध्ये हेन्री वेस्ली व्हॉयसी या शल्यवैद्याची नेमणूक झाली. तंबूतल्या रुग्णांना तपासणे आणि वाटेतले खडक पाहणे अशी दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील भूरचनेचे वर्णन लिहिले. परभणीचा प्रदेश तेव्हा, आणि पुढे १९४८ पर्यंत, याच संस्थानात होता. लॅम्ब्टन यांचे १८२३ मध्ये हिंगणघाट येथे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी व्हॉयसीही वारले.

मुंबई सरकारच्या बाजूने हेच काम विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. १८२४ पासून त्यांच्याकडे दख्खनची सांख्यिकीय पाहणी होती. लोकसंख्या, शेती, पक्षी, मासे यांबरोबर त्यांनी खडकही नोंदवले. दख्खनचे डोंगर माथ्यावर सपाट असतात आणि त्यांच्या अंगावर आडवे थर पायऱ्यांसारखे दिसतात. स्वीडिश भाषेत पायरीला ‘ट्रॅपा’ म्हणतात. त्यावरून अशा खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव युरोपात आधीच रूढ झाले होते. दख्खनचा म्हणून हा ‘डेक्कन ट्रॅप’.

या पायऱ्यांत एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे. जिंतूरकडच्या नेमगिरीच्या परिसरातले किंवा गंगाखेडच्या दक्षिणेकडचे बालाघाटाचे डोंगर पाहावेत. एका टेकडीवरचा कठीण खडकाचा पट्टा शेजारच्या टेकडीवर जवळजवळ त्याच उंचीवर पुन्हा दिसतो. म्हणजे तो थर पूर्वी सलग होता आणि मधला भाग पाण्याने कापून नेला. मुलांच्या मनात डोंगर म्हणजे जमिनीतून वर आलेली वस्तू असते. आपल्याकडचे हे डोंगर तसे वर आलेले नाहीत. आजूबाजूचा प्रदेश झिजून खाली गेला आणि जे उरले त्याला आपण डोंगर म्हणतो. थर रचले ते अंतर्गत शक्तीने आणि डोंगर कोरले ते बाह्य शक्तीने. हा फरक नीट समजला, तर पाठ्यपुस्तकातील वर्गीकरण रटाळ राहत नाही.

हे सर्व थर लाव्हाचे आहेत, हे पटले तरी एक कोडे शिल्लक राहिले. एवढा लाव्हा बाहेर आला तर ज्वालामुखीचे शंकू कुठे आहेत? थर इतके सपाट आहेत की हे उद्रेक समुद्रतळावर झाले असावेत, असे काहींना वाटले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झाले. त्यातील विल्यम टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६० च्या दशकात पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅपचा अभ्यास केला. १८७९ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांच्यासमवेत त्यांनी भारताच्या भूशास्त्राचा पहिला सविस्तर ग्रंथ तयार केला. थरांच्या मध्ये सागरी जीवांचे अवशेष नाहीत, गोड्या पाण्यातल्या जीवांचे आहेत. म्हणून हा लाव्हा उघड्या जमिनीवरच पसरला, हा निष्कर्ष पक्का झाला. तो शंकूच्या तोंडातून उडालेला नव्हता, तर जमिनीला पडलेल्या लांब भेगांमधून वाहिलेला होता.

असा उद्रेक कसा असतो, हे आइसलँडने पाहिले आहे. ८ जून १७८३ रोजी तिथे लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंमुळे गवत आणि जनावरे मेली. त्यानंतरच्या दुष्काळात त्या देशाची सुमारे एक पंचमांश लोकसंख्या मृत्युमुखी पडली. बाहेर आलेला लाव्हा सुमारे १५ घन किलोमीटर होता. परभणी जिल्ह्याच्या सुमारे सव्वासहा हजार चौरस किलोमीटर क्षेत्रावर तो सारखा पसरला, तर थर भरेल जेमतेम अडीच मीटरचा. डेक्कन ट्रॅपचा लाव्हा दहा लाख घन किलोमीटरहून अधिक होता असा आजचा अंदाज आहे. लाकीसारखे सुमारे सत्तर हजार उद्रेक! गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ, याच काळातील लाव्हाचे थर आहेत. काही प्रवाह दख्खनमधून सुमारे हजार किलोमीटर वाहत तिथपर्यंत गेले असावेत, असे मत काही संशोधकांनी २००८ मध्ये मांडले. पाणी ज्या दिशेने जाते त्या दिशेने आग आधी गेली होती, असा त्याचा अर्थ.

दोन थरांमधली विश्रांती

आता विहिरीतल्या तांबड्या थराकडे वळू. हैदराबादहून नागपूरकडे जाताना निर्मळच्या डोंगरांत आणि पुढे जॉन ग्रँट माल्कमसन या डॉक्टरांना बेसाल्टच्या थरांमध्ये गारेच्या दगडाचे पातळ थर सापडले. त्यांत गोगलगाईंचे शंख होते. हे शंख गोड्या पाण्यातले होते. १८३७ मध्ये त्यांनी ही माहिती लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीला सादर केली. त्यापुढची भर घातली ती नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी. हे धर्मप्रसारक १८४५ मध्ये नागपुरात आले आणि शाळा चालवता चालवता जीवाश्म गोळा करू लागले. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला निबंध आजही आधारभूत मानला जातो. शंख, बिया, झाडांची खोडे, माशांचे अवशेष : दोन लाव्हाथरांच्या मध्ये एक अख्खे तळे त्यांना सापडले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पूर आलेला नाला ओलांडत असता हिस्लॉप बुडाले. वाहत्या पाण्याची कामगिरी खडकात वाचणारा हा माणूस वाहत्या पाण्यानेच नेला. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्याच नावाने आहे.

या तळ्यांचा अर्थ काय? लाव्हाचा एक प्रवाह आला, थंड झाला आणि पुढचा प्रवाह येईपर्यंत बराच काळ गेला. तेवढ्या काळात पाऊस पडला, खडक कुजला, माती झाली, खोलगट जागी पाणी साचले, गवत उगवले, गोगलगाई आल्या. मग पुन्हा भेग उघडली आणि सारे गाडले गेले. तळे नसेल तिथे नुसती माती गाडली गेली. वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून निघाली. विहिरीतला तांबडा थर पुष्कळदा अशी भाजलेली जुनी माती असतो. काही ठिकाणी त्यात ज्वालामुखीची राखही मिसळलेली असते. कुंभाराच्या भट्टीत माती तांबडी होते, त्याचेही कारण असेच आहे : मातीतल्या लोहाचे ऑक्सिडीकरण.

विहिरीतली उतरंड आता वाचता येते. मांजऱ्या हा प्रवाहाचा वरचा भाग. सोडावॉटरच्या बाटलीतल्याप्रमाणे लाव्हातले वायू वर येऊन बुडबुड्यांच्या रूपात अडकले, ती त्याची छिद्रे. पुढे पाझरत्या पाण्यातून त्यांत झिओलाइट आणि गारगोटीचे खडे धरले. काळा पाषाण हा सावकाश थंड झालेला मधला भाग. तांबडा थर म्हणजे विश्रांती. त्याखाली आधीच्या प्रवाहाचा मांजऱ्या. आग, मग पाऊस. पुन्हा आग, पुन्हा पाऊस. दोन शक्तींचे धडे एकामागून एक घडले नाहीत, ते आळीपाळीने घडले.

या तांबड्या थरांनी अलीकडे आणखी एक काम केले. त्यांतील राखेत झिरकॉन या खनिजाचे सूक्ष्म कण असतात. त्यांतल्या युरेनियमचे शिशात किती रूपांतर झाले हे मोजून वय काढता येते. पश्चिम घाटातील अशा थरांवरून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की, लाव्हाचा मुख्य भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, साडेसात लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत बाहेर पडला. डायनोसॉर नष्ट झाले तो काळ याच अवधीत येतो. त्या संहारात लाव्हाचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, याची चर्चा अद्याप चालू आहे.

काळी माती कुठून आली?

आता विहिरीच्या सर्वांत वरचा थर. काळ्या मातीला इंग्रज अभ्यासक ‘रेगूर’ म्हणत. हा शब्द तेलुगू ‘रेगडी’वरून आला. तिच्या जन्माविषयीही एक वाद झाला. व्हॉयसी आणि दक्षिण मराठा मुलुखात फिरलेले डॉ. टर्नबुल ख्रिस्ती यांचे म्हणणे असे की, बेसाल्ट कुजून ही माती झाली. मद्रास सैन्यातील कॅप्टन थॉमस न्यूबोल्ड यांना ते पटेना. ट्रॅपचा मागमूस नसलेल्या ग्रॅनाइटच्या प्रदेशातही त्यांनी काळी माती पाहिली होती. ती पाण्याखाली साचलेला गाळ आहे, असे त्यांचे मत होते. माती काळी आहे म्हणजे तिच्यात कुजलेल्या वनस्पती भरपूर असणार, असाही एक तर्क होता.

पुढच्या रासायनिक परीक्षणांत हा शेवटचा तर्क टिकला नाही. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो. जो आहे तो चिकणमातीच्या सूक्ष्म कणांशी घट्ट बांधलेला असतो, आणि जोडीला बेसाल्टमधून आलेली लोह-टायटॅनियमची काळी खनिजे असतात. पहिल्या दोन मतांपैकी कोणते खरे? दोन्हीही थोडी थोडी. बेसाल्ट कुजून मॉन्टमोरिलोनाइट हे फुगणारे-आकसणारे चिकण खनिज तयार होते, भेगा पडतात त्या त्याच्यामुळे. परंतु तेच खनिज योग्य हवामानात दुसऱ्या खडकांपासूनही होऊ शकते. परभणीपुरते बोलायचे तर मातीचे मूळ बेसाल्टच आहे, पण सगळी माती जिथल्या तिथे झालेली नाही. डोंगराच्या माथ्यावर ती वीतभरही नसते. गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या काठी ती पुरुषभर खोल सापडते. उतारावरची माती पाण्याने आणून सखल भागात साठवली. म्हणजे व्हॉयसींनी मातीचे माहेर ओळखले आणि न्यूबोल्ड यांनी तिचा प्रवास.

गावकऱ्यांनी हा प्रवास आपल्या भाषेत कधीच नोंदवला आहे. शेतीच्या जमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण, पडक्या भिंती यांनी पांढरी घडली. भूपृष्ठ बदलणाऱ्या बाह्य शक्तींच्या यादीत माणूसही आहे, याचा हा जुना पुरावा.

दगडात गोठलेली दिशा

लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. परभणीच्या ओढ्यातली काळी, चमकदार वाळू लोहचुंबकाला चिकटते, ती याच कणांमुळे. वर्गात हा प्रयोग पाच मिनिटांत करता येतो. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावे तशी अधिकाधिक कलते. म्हणून खडकात गोठलेला कल मोजला, तर तो खडक कोणत्या अक्षांशावर थंड झाला ते कळते.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे म्हटले, पण बहुतेक शास्त्रज्ञांनी ते झिडकारले. केंब्रिजमध्ये १९५१ च्या सुमारास एडवर्ड अर्व्हिंग हा विद्यार्थी खडकांच्या चुंबकत्वावर काम करीत होता. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या प्रोत्साहनाने त्याने भारतातील लाव्हाचे नमुने तपासले. ते खडक दक्षिण गोलार्धात थंड झालेले दिसले! हा निष्कर्ष असलेला त्याचा प्रबंध १९५४ मध्ये पदवीसाठी नाकारला गेला. परंतु लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातील क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये, तसेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आणि सी. राधाकृष्णमूर्ती यांनी केलेल्या मापनांतून तेच चित्र पुढे आले.

याचे गणित विद्यार्थ्यांना करता येईल. नतिकोनाची स्पर्शज्या अक्षांशाच्या स्पर्शज्येच्या दुप्पट असते. परभणी १९ अंश उत्तरेस आहे. दीर्घ काळाच्या सरासरीने इथला नतिकोन सुमारे ३५ अंश यावा. डेक्कन ट्रॅपच्या खडकांतील कल त्याहून बराच जास्त आणि उलट्या बाजूचा आहे. त्यावरून जागा निघते सुमारे ३० अंश दक्षिण. म्हणजे तेव्हापासून ही जमीन ४९ अंश उत्तरेस आली. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले तर अंतर होते सुमारे ५,४०० किलोमीटर आणि सरासरी वेग वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर. आशियाला धडक बसण्यापूर्वी हा वेग याहून बराच अधिक होता. आज तो सुमारे ५ सेंटिमीटर आहे. नखे वाढतात साधारण तेवढाच.

हिशेब अजून संपलेला नाही

हा प्रवास थांबलेला नाही, याची आठवण आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाली. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. किल्लारी परिसरातील ६.२ प्रतीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. तोवर दख्खनचे पठार स्थिर आहे, असे आपणच वर्गात सांगत होतो. कोयनेला १९६७ मध्ये भूकंप झाला होता, पण तिथे धरण होते, डोंगर होते. किल्लारी हा सपाट, काळ्या मातीचा मुलूख, परभणीहून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटरवर.

भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचे थर मिळाले आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे हाच पाया उघडा पडलेला दिसतो. त्यातले जुने प्रस्तरभंग लाव्हाच्या गोधडीखाली झाकले गेले आहेत. हिमालयाला रेटणाऱ्या भारतीय भूपट्टावरचा ताण अशा कमकुवत जागी अधूनमधून मोकळा होतो. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ प्रतीचे धक्के बसले, ते परभणीतही जाणवले. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्याचाच भाग होता.

अशा सकाळी मुले हमखास विचारतात : सर, आपल्याकडे ज्वालामुखी होणार का? त्यांना नीट उत्तर मिळाले पाहिजे. नाही; आपल्या पायाखालचा लाव्हा ६ कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला आहे. भूकंपाचा धक्का ही खडक सरकल्याची खूण आहे, लाव्हा येत असल्याची नव्हे. ४.५ प्रतीच्या धक्क्यापेक्षा किल्लारीची ऊर्जा ढोबळमानाने साडेतीनशे पट होती. पण म्हणून निश्चिंत राहण्याचेही कारण नाही. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या जड मातीखाली. भिंतीत आरपार जाणारे जोडदगड नव्हते, भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा नव्हता. भूकंप अंतर्गत शक्तीचा. घर मात्र आपण बांधलेले. आपल्या शाळेच्या आणि गावातल्या जुन्या घरांच्या भिंती कशा आहेत, हे पाहणे हाही भूगोलाचाच पाठ आहे.

दुसरा पाठ मातीचा. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि उतारावरच्या उघड्या शेतातून ती काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकते. हटन यांनी विचारलेला प्रश्न इथे आपल्या बांधावर येऊन उभा राहतो. झीज भरून काढणारी अंतर्गत शक्ती आहे खरी, पण तिचे वेळापत्रक कोट्यवधी वर्षांचे आहे. ती आपल्या नातवंडांसाठी धावून येणार नाही. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि मातीवर तिथे अभ्यास चालतो. बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी यांविषयी त्यांचा सल्ला मुलांमार्फत शेतापर्यंत पोहोचू शकतो.

पुढच्या पावसात शाळेजवळच्या ओढ्याचे गढूळ पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवावे. दुसऱ्या दिवशी तळाशी काळा साका बसलेला दिसेल. तो एकेकाळी लाव्हा होता, मग दगड झाला, मग कोणाच्या तरी शेतातली माती. आता तो गोदावरीतून समुद्राकडे निघाला होता. बरणीवर तारीख लिहून ती वर्गाच्या खिडकीत ठेवावी आणि पुढच्या वर्षी त्याच ओढ्यातून, त्याच महिन्यात, दुसरी बरणी भरावी.